मधात शिसं 0.19 आलंय. माश्यांनी आणलं की मी घातलं?

जावळीकर_मधपाळ | 9 जून, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी जावळी तालुक्यातला. पोटापाण्याला पोस्टाची नोकरी, गावच्या शाखेचा पोस्टमास्तर. घरी 22 मधपेट्या, सगळ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांच्या. वडिलांनी सुरू केलेल्या, ते गेल्यापासून मी बघतो. एप्रिल-मेमध्ये जांभूळ, हिरडा, गेळ्याचा मध निघतो. कारवी फुलायचं वर्ष असेल तर पावसाळा सरता सरता आणखी एक काढणी. यंदा मेमध्ये 62 किलो निघाला, म्हणजे आमच्या मानाने बरा.

पुण्याच्या एक बाई आहेत, दरवर्षी सहा किलो नेतात. यंदा फोनवर म्हणाल्या, "भाऊ, भेसळीचा रिपोर्ट नको, तुमच्यावर विश्वास आहे. जड धातूंचा असेल तर पाठवा, घरात लहान नात आहे." खरं सांगतो, मला रागच आला. डोंगरातला मध, आजूबाजूला कारखाना नाही, धातू कुठून येणार? त्या रागातच पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाव किलो मध पाठवला. चार धातूंचे जीएसटी धरून 2,832 रुपये घेतले.

काल रिपोर्ट आला. कॅडमियम, आर्सेनिक, पारा या तिन्हींपुढे 'बीएलक्यू'. आणि शिसं 0.19 मिलिग्रॅम प्रति किलो. कागद तीन वेळा वाचला, मग घडी करून पोस्टाच्या तिजोरीत ठेवला, का ते मलाच माहीत नाही.

आता शंका कुणाकुणावर आहे ते सांगतो.

पहिली शंका रस्त्यावर. पेट्यांपासून साधारण 400 मीटरवर घाटाची सडक आहे. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते.

दुसरी रंगावर. 2009 मध्ये वडिलांनी पेट्यांना बाहेरून हिरवा ऑइलपेंट मारला होता. घराच्या खिडक्यांचा उरलेला. आता त्याच्या खपल्या निघतात.

तिसरी डब्यावर. मध मी 15 किलोच्या पत्र्याच्या डब्यात भरतो. तेलाचे डबे नाहीत, नवे आणतो, पण शिवणीला डाग, म्हणजे सोल्डर, दिलेला दिसतो.

चौथी शंका घ्यायला मन धजत नाही. मधयंत्र वडिलांनी 1981 मध्ये साताऱ्यातल्या एका पत्र्याच्या कारागिराकडून करून घेतलेलं. जस्ती पत्र्याचं पिंप, आत तारेची जाळी, हाताने फिरवायचं. माझ्या जन्माच्या आधीचं आहे आणि अजून दातऱ्या शाबूत आहेत. चौकटी फिरवून झाल्या की मध त्यातच दोन रात्री राहू देतो, मेणाचा चुरा वर तरंगतो आणि खालून तोटीने स्वच्छ मध निघतो. वडील असंच करायचे.

बाईंना अजून कळवलेलं नाही. निम्मा मध विकून झालाय, 31 किलो घरात आहे. 0.19 म्हणजे किती? घाबरण्याइतकं आहे का? आणि आलं कुठून, हे कसं शोधायचं?

---

साधा_माणूस | 9 जून, रात्री 11.15

काही होत नाही हो. आमच्या आजोबांनी 90 वर्षं असाच मध खाल्ला. मध स्वतःच औषध आहे, तो विष मारतो. या लॅबवाल्यांना काही ना काही काढून दाखवायचंच असतं. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढा, पेटली तर मध अस्सल. चिंता मिटली.

---

आम्लधुलाई | 10 जून, सकाळी 7.05

साधा_माणूस, काडी पेटली तर काडी कोरडी होती इतकंच कळतं. मधात पाणी जास्त असेल तर ती फुरफुरेल, बाकी काही नाही. शिसं काडीला कळत नाही, जिभेलाही कळत नाही. अडचण तीच आहे.

जावळीकर दादा, मी नाशिकला अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. द्राक्षं, मनुका, मसाले आणि अधूनमधून मध. तुमचा रिपोर्ट कसा तयार झाला ते आधी सांगते, म्हणजे आकड्याची किंमत कळेल.

मधातला अर्धा ग्रॅमच्या आसपास भाग घेतात. त्यावर नायट्रिक आम्ल घालून बंद नळीत, प्रयोगशाळेच्या खास मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. साखर पार जळून पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उरतं. ते आयसीपी-एमएस नावाच्या धातू मोजायच्या यंत्रात जातं. तिथे आरगॉन वायूची काही हजार अंशांची ज्योत असते, तिच्यात सगळं अणू-आयन होऊन सुटतं आणि यंत्र त्यांना वजनाप्रमाणे मोजतं. शिसं 206, 207, 208 या वजनांवर दिसतं. 'बीएलक्यू' म्हणजे शून्य नव्हे. यंत्राला खात्रीने मोजता येईल त्याच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ. ती खालची रेषा किती होती हे रिपोर्टवर एलओक्यू म्हणून छापलेलं असतं, बघून ठेवा. आणि त्या लॅबच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या यादीत 'मध' आणि 'शिसं' दोन्ही आहेत का तेही बघा. नुसता शिक्का असून भागत नाही. पाण्यासाठी मान्यता असलेली लॅब मधाचा रिपोर्ट देऊन मोकळी होते, असं पाहिलंय.

आता 0.19. युरोपात मधातल्या शिशाची मर्यादा 0.10 मिलिग्रॅम प्रति किलो आहे, म्हणजे तिथे तुमचा मध नापास. आपल्याकडे 2011 च्या मूळ नियमावलीत, नाव न घेतलेल्या पदार्थांना शिशाची सरसकट मर्यादा 2.5 होती. तसल्या मापाने कुठलाही मध हसत हसत पास होईल. म्हणून मी पास-नापास सोडून चमच्याचा हिशेब करते. मोठा चमचा म्हणजे 20 ग्रॅम मध, त्यात 3.8 मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी सगळ्या अन्नातून मिळून दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम हा संदर्भ-आकडा धरलाय, मूल होऊ शकण्याच्या वयातल्या बायकांसाठी 8.8. मोठ्या माणसाने घाबरून डॉक्टरकडे धावावं असं यात काही नाही. पण नातीला रोज चमचाभर चाटवायचा मध हा नव्हे. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर कुठलाच मध द्यायचा नसतो, त्याचं कारण शिसं नसून बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाची बाधा.)

आता आलं कुठून. रस्ता मी जवळजवळ बाद करते. देशात शिसंवालं पेट्रोल 2000 साली बंद झालं. जुनं शिसं मातीत असतं, धुळीतून माशीच्या अंगाला लागतं, हे खरं. पण माशीच्या अंगात, परागात, राळेत जितकं धातू सापडतं त्या मानाने मधात फार कमी उतरतं. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण पॅरिसचं. 15 एप्रिल 2019 ला नोत्रदाम चर्च जळालं, छतावरचं शेकडो टन शिसं आगीत गेलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी त्याच जुलैमधला पॅरिसच्या पोळ्यांचा मध तपासला. धूर ज्या दिशेला गेला तिकडच्या मधात शिसं वाढलेलं होतं, पण सगळ्यांत जास्त आकडा आला 0.08. तुमचा 0.19 आहे. जावळीत काय जळालं होतं?

म्हणजे हे हवेतून आलेलं नाही. मध पोळ्यातून निघाल्यावर त्याला काहीतरी लागलंय. मध गोड असला तरी आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) चारच्या आसपास, टोमॅटोसारखा. जस्ती पत्रा आणि डागातलं शिसं तो हळूहळू खातो.

पेट्यांच्या रंगावर माझा तेवढा संशय नाही, कारण आतून रंग नाही. तरी ते पोपडे कोरडे घासू नका. आता घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) आहे, पण ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. तुमचा रंग 2009 चा. पाणी मारून ओलं करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, पोरंबाळं लांब ठेवा.

एक काम करा. लॅबकडे त्याच नमुन्यातलं उरलेलं असेल, त्यात जस्त मोजायला सांगा. मधात जस्त सहसा एक आकडी असतं. ते भरमसाट निघालं तर चोर जस्ती पत्र्याच्या आसपास आहे.

---

जावळीकर_मधपाळ | 14 जून, रात्री 9.20

ताई, एवढं कुणी समजावून सांगत नाही. आभार कसे मानू.

जस्त मोजून घेतलं, 708 रुपये. 41 मिलिग्रॅम प्रति किलो. एलओक्यू शिशासाठी 0.02 लिहिलाय. मान्यतेच्या यादीत मध आहे, शिसं आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "यंत्राला नावं ठेवू नकोस." उठून आत गेली.

---

भुदरगडचा_म्हातारा | 15 जून, दुपारी 1.30

पोरा, तुझ्या पहिल्या पत्रातच उत्तर होतं की. "दोन रात्री राहू देतो." तिथंच मी कपाळावर हात मारला.

माझं वय 71. आमच्या पाटगावाकडं आता मधाचं गाव म्हणून पाट्या लागल्या, तसल्याच पाट्या तुझ्या शेजारी मांघरात आहेत. पण आम्ही पेट्या ठेवायला लागलो तेव्हा स्टीलचं यंत्र बघायलाही मिळायचं न्हाई. सगळ्यांकडं जस्ती पिंप, सांध्याला डाग. त्यात तुझ्या बापाचं काय चुकलं न्हाई. मध काढून लगेच बाटलीत भरला तर फार बाधत नसावं, पण मुक्कामाला ठेवला की तो पत्र्याशी बोलायला लागतो.

आता बॅटरी घे आणि पिंपाच्या तळाशी, तोटीपाशी जा. डाग कसा दिसतोय बघ. वरच्या सांध्याचा डाग काळपट, मळकट असंल. खाली जिथं मध साचतो तिथला लखलखीत असंल, चिंचेनं घासल्यागत. मी माझ्या यंत्रात 1998 ला बघितलं. त्याच साली म्हस विकून 304 ग्रेडचं स्टीलचं यंत्र घेतलं. म्हस एक, यंत्र एक, असा बरोबर सौदा झाला. बायको आठ दिवस बोलली न्हाई, दुधाचा चहा बंद झाला ना.

नवीन येईस्तोवर काय करायचं तेही सांगतो. यंत्र वापरूच नको. चौकटीतला भरलेला मध कापून घे, नायलॉनच्या जाळीतून स्टीलच्या पातेल्यात गाळ. मेण वाया जातं, माश्यांना पोळं परत बांधायला लागतं, मधाचा उतारा घटतो. पण सातेरीचा धंदा करणाऱ्याला कमी उताऱ्याची सवय असतीच.

जुन्या पिंपाला आतून मेणाचा हात देऊन काम भागवणारेही आहेत. मी दिलाय. दुसऱ्या वर्षी खपल्या निघाल्या. नको त्या वाटेला जाऊ.

---

चुलीपाशी | 15 जून, दुपारी 3.10

मी मध तांब्याच्या घाटदार भांड्यात ठेवते, आतून कल्हई आहे. चालेल ना? आजीचं आहे.

---

आम्लधुलाई | 15 जून, रात्री 8.45

चुलीपाशी, नका ठेवू. शुद्ध कथलाची कल्हई वेगळी, पण कथिल महाग, आणि त्यात शिसं मिसळलं तर डोळ्याला फरक दिसत नाही. आमच्याकडे एकदा एकाने तपासायला मधच कल्हईच्या पितळी गडूत आणून दिला होता. शिसं आलं, तांबं आलं, माणूस आमच्यावर चिडला. त्याच्याच घरचा मध काचेच्या बरणीतून आणायला लावला तर शिसं एलओक्यूच्या खाली. आम्ही मध नाही, गडू तपासला होता. आजीचं भांडं शोभेला ठेवा किंवा त्यात कोरडी सुपारी ठेवा.

काका, डाग लखलखीत असेल ही तुमची खूण मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. वही काढून लिहून घेतली.

जावळीकर दादा, आता शेवटची चाचणी. एकाच पेटीचा मध, चार नमुने. अ: पोळ्यातून थेट, यंत्राचा स्पर्श नाही. ब: यंत्रातून फिरवून लगेच काढलेला. क: यंत्रात दोन रात्री ठेवलेला. ड: पोळ्यातून थेट काढून पंधरा दिवस तुमच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. फक्त शिसं आणि जस्त मोजायला सांगा. आर्सेनिक-पाऱ्याला पुन्हा पैसे घालू नका.

बाटल्या लॅबकडूनच मागा, आम्लाने धुतलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या. त्यांनी नाही दिल्या तर औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या नव्या डब्या मिळतात त्या घ्या. हसू नका, आम्हीही वापरतो. चमचा प्लास्टिकचा. हातावर चुना, तंबाखू, पोस्टाचा गोंद काही नको. एक डबी नुसती डिस्टिल्ड वॉटरने भरून तीही पाठवा. तिच्यात शिसं निघालं तर बाकीच्या आकड्यांवर काट मारायची. त्यांनी मागितलं तर तिचे पैसे द्या, टाळू नका.

---

साधा_माणूस | 15 जून, रात्री 9.30

ताई, आमच्या घरीही मध पत्र्याच्या डब्यातच असतो. विचारतोय फक्त.

---

जावळीकर_मधपाळ | 21 जुलै, रात्री 10.05

उशीर झाला. पाऊस, वीज नाही, त्यात डाकेची वाट पाच दिवस बंद होती.

काकांचं वाचून त्याच रात्री बॅटरी घेऊन माळ्यावर गेलो. पिंप आडवं केलं. वरचे सांधे काळे, बोट फिरवलं की पेन्सिलीसारखी करडी रेघ बोटाला. तळाचा गोल सांधा मात्र नव्या रुपयासारखा चमकत होता. तोटीच्या बुडाशी तर डाग इतका पातळ झालाय की पत्र्याची कड दिसते. म्हणजे 40 वर्षांत तिथला डाग कुठेतरी गेला. कुठे, ते लिहायची गरज नाही.

शिसं ओळखायच्या कांड्या ऑनलाइन मिळतात, त्याही मागवल्या. ओली करून तळाच्या सांध्यावर अर्धा मिनिट घासली. पिवळट बोंडाला आधी काही झालं नाही. मग कडेने गुलाबी चढायला लागलं आणि बघता बघता कुंकवासारखं लाल. धाकटी शेजारी उभी होती, म्हणाली, "पप्पा, यंत्राला लागलंय का?"

चार नमुन्यांसाठी पावसाळ्याला माश्यांना सोडलेल्या चौकटींपैकी दोन एका भरल्या पेटीतून उचलल्या. माश्यांची माफी मागितली आणि पेटीला साखरेचा पाक दिला. ड चे पंधरा दिवस धरून सगळं एकदम पाठवलं. चार नमुने, दोन धातू, 5,664 रुपये. पाण्याची डबी त्यांनी फुकट बघितली.

शिसं: अ बीएलक्यू. ब 0.03. क 0.15. ड बीएलक्यू. पाणी बीएलक्यू.
जस्त: अ 2.1. ब 5.8. क 34. ड 2.6.

डबा निर्दोष सुटला. रस्ताही, रंगही. माश्यांनी मध चोख दिला होता.

ताई, क 0.15 आणि आधीचा 0.19, हा फरक का ते मी माझ्यापुरतं लावलंय. मेमध्ये तिसऱ्या खेपेचा मध दोन नाही, तीन रात्री राहिला होता. चुलतभावाचं लग्न होतं.

पुण्याच्या बाईंना फोन केला. दोन्ही रिपोर्ट पाठवले, पैसे परत घ्या म्हटलं. त्यांनी पैसे घेतले, पण म्हणाल्या, पुढच्या वर्षी पोळ्यातून कापलेला असेल तर सहाच्या जागी आठ किलो द्या. बाकी 14 गिऱ्हाइकांना कळवलं. नऊ जणांनी परत केला, तिघांनी "आम्ही खातो, काही होत नाही" म्हटलं, दोघांनी फोन ठेवून दिला. घरातल्या 31 किलोंचं काय करायचं हा प्रश्न होता. माश्यांना परत घालावा असं एकाने सुचवलं. नाही घातला. पुढच्या हंगामात तोच मध चौकटीत भरून आला तर कोणत्या तोंडाने विकणार? बाजूला डब्यात बंद करून वर खडूने 'खायचा नाही' लिहिलंय.

स्टीलच्या यंत्रासाठी सोसायटीत अर्ज केलाय. आमच्याकडे म्हैस नाही.

जुनं यंत्र आईने द्यायला नकार दिला होता. पुढच्या आठवड्यात स्वतःच म्हणाली, दे, पण दांडा ठेव. दातऱ्यांचा दांडा वडिलांच्या फोटोखाली खिळ्याला लावलाय. भंगारवाला आला, पिंप उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, फोडू नका, असंच द्या. वाईकडे एक मधवाला जुनं यंत्र शोधतोय, भंगारापेक्षा तिप्पट देईल." त्याला चहा दिला. तो पीत असताना घण आणला आणि पिंपाचा तळ चारी बाजूंनी चेपून दिला. मग वजनावर गेलं, साडेअकरा किलो भरलं.